ट्रॅक्टरचा अल्टरनेटर : बदलण्याआधी तपासा, बसवल्यावर सांभाळा



ट्रॉली भरून उभी आहे. उसाची गाडी कारखान्यावर वेळेत पोचवायची आहे. चावी फिरवली, सेल्फने एकदा 'कर्रर्र' केले आणि गप्प बसला. मग काय, चार माणसे बोलवा, ट्रॅक्टर उताराला लावा, धक्का द्या. इंजिन एकदा का धडधडू लागले, की सगळे विसरून आपण कामाला लागतो. 'बॅटरी बसली असेल, बघू हंगाम संपल्यावर,' असे म्हणून पुढचे सगळे दिवस ट्रॅक्टर रोज उतारावर उभा करतो. हे चित्र तुमच्या गावात नवे नाही.

जुन्या डिझेल इंजिनाची एक खोड आहे. ते एकदा चालू झाले की त्याला विजेची गरज राहत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला सतत ठिणगी लागते. डिझेल मात्र दाबलेल्या गरम हवेतच पेटते आणि जुना डिझेल पंप गिअरवर चालतो. म्हणून अल्टरनेटर मेला तरी नांगरट चालते, रोटाव्हेटर चालतो, मळणी होते. मालकाला दिवसा पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो रात्री, रस्त्यावर. पुढचे दिवे पिवळे पडतात, ट्रॉलीचे मागचे लाल दिवे विझतात आणि मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला अंधारात दोन ट्रॉल्या दिसतच नाहीत. तेव्हा अल्टरनेटरचा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, जिवाचा आहे.

दुसरी गोष्ट खिशाची. बॅटरी बसली की आपण नवी बॅटरी आणतो. महिन्याभरात तीही बसते. मग अल्टरनेटर बदलतो. तरी चार्जिंग नाही! शेवटी कोणीतरी खार चढलेली एक वायर घासून घट्ट करतो आणि काम फत्ते. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' म्हणतात ते हेच. म्हणून या पत्रकाचे सांगणे एकच आहे : आधी क्रमाने तपासा, मग बदला.

अल्टरनेटर करतो काय?

आपल्या मळ्यातल्या पाण्याचा विचार करा. बॅटरी म्हणजे पाण्याचा हौद. अल्टरनेटर म्हणजे तो हौद भरणारा पंप. सेल्फ, दिवे, हॉर्न हे हौदातून पाणी घेणारे पाट. पंप बंद पडला तरी हौदात पाणी असेपर्यंत पाट वाहतात, पण किती वेळ?

अल्टरनेटरच्या मधोमध फिरतो तो रोटर. त्याच्या तारेतून थोडीशी वीज गेली की तो लोहचुंबक बनतो. ही वीज दोन लहान कार्बनमधून तांब्याच्या दोन कड्यांवर येते. चुंबक फिरला की भोवतालच्या स्थिर वेटोळ्यात, म्हणजे स्टेटरमध्ये, वीज तयार होते. ही वीज उलटसुलट वाहणारी असते. बॅटरीला एकाच दिशेची वीज चालते. म्हणून मध्ये डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे विजेचा फूटव्हॉल्व्ह. पाणी वर जाऊ देतो, परत खाली येऊ देत नाही. शेवटचा भाग रेग्युलेटर. हौद भरला की बॉलकॉक पाणी आवरतो ना, तसा रेग्युलेटर विजेचा दाब मर्यादेबाहेर जाऊ देत नाही.

पूर्वीच्या ट्रॅक्टरांवर डायनामो असे. डायनामोत सगळी वीज फिरत्या भागातूनच कार्बनवर येई. त्यामुळे कार्बन लवकर झिजत आणि इंजिन मंद असताना चार्जिंग जवळजवळ होत नसे. अल्टरनेटर मंद गतीलाही थोडीफार वीज देतो. पण तो डायनामोपेक्षा एका बाबतीत नाजूक आहे. चुकीच्या जोडणीने त्याचे डायोड क्षणात जळतात. डायनामोवर शिकलेल्या सवयी अल्टरनेटरवर चालत नाहीत, हे पक्के ध्यानात ठेवा.

लाल दिवा काय सांगतो?

डॅशबोर्डावर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. तो फुटला तर 'राहू दे, त्याने काय अडते?' असे आपण म्हणतो. अडते! बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत याच दिव्यातून रोटरला पहिली वीज मिळते. दिवा उडाला तर रोटरला चुंबकपणा येत नाही आणि चांगला अल्टरनेटरही चार्जिंग देत नाही, किंवा इंजिन खूप रेस केल्यावरच देतो. दहा-वीस रुपयांच्या दिव्यापायी अल्टरनेटर बदलू नका. दिवा बदलताना मात्र तेवढ्याच वॉटचा घ्यावा. तिथे साधा एलईडी दिवा बसवला तर रोटरला पुरेशी वीज मिळत नाही.

दिव्याची भाषा अशी वाचावी :

चावी फिरवली आणि इंजिन बंद आहे, तर दिवा लागलाच पाहिजे. न लागला तर दिवा उडाला, बारीक वायर तुटली, कार्बन झिजले किंवा बॅटरी अगदीच रिकामी आहे.

इंजिन चालू झाले, थोडे रेस केले, की दिवा विझला पाहिजे. लख्ख पेटत राहिला तर चार्जिंग नाही. पहिला संशय बेल्टवर घ्या.

इंजिन चालू असताना दिवा मंद मिणमिणत राहिला तर डायोड गेला असेल किंवा जाड वायरचा सांधा सैल असेल.

चावी काढल्यावरही दिवा मिणमिणत असेल तर बहुधा डायोड फुटला आहे. रात्रभरात बॅटरी रिकामी होईल. तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि दुरुस्ती करून घ्या.

बदलण्याआधी पाच तपासण्या

यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तालुक्याच्या गावी तो स्वस्तात मिळतो. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याच्या पेटीत पाने-पकडीबरोबर हा मीटर असायलाच हवा. मीटरची चकती डीसी २० व्होल्टवर ठेवावी.

पहिली तपासणी, बेल्ट. इंजिन बंद करून, चावी काढून, दोन पुलींच्या मधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबून बघा. साधारण १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच दबला पाहिजे. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. बेल्ट जास्त सैल असेल तर घसरतो, फार ताठ असेल तर अल्टरनेटरची आणि पाण्याच्या पंपाची बेअरिंगे खातो. बेल्टची बाजू आरशासारखी चकाकत असेल, आतून चिरा पडल्या असतील किंवा बेल्ट पुलीच्या तळाला टेकत असेल तर तो बदलावा. हा बेल्ट पुलीच्या दोन्ही बाजूंना चिकटून काम करतो, तळाला नाही. पुष्कळ ट्रॅक्टरांत हाच बेल्ट पंखा आणि पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणून चार्जिंग कमी आणि इंजिनही तापते, अशी दोन दुखणी एकदम आली तर समजा, बेल्टच चोर आहे.

दुसरी तपासणी, बॅटरी. ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना सकाळी, सेल्फ मारण्याआधी, बॅटरीच्या दोन्ही टोकांना मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी. आता कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी दमली आहे किंवा रिकामी आहे. ती बाहेर पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तरीही तसेच झाले तर दोष बॅटरीचा. सगळ्या खणांतले पाणी ठीक असून एकाच खणातले वारंवार कमी होत असेल तर तो खण गेला, असे समजावे.

तिसरी तपासणी, चार्जिंगचा दाब. इंजिन चालू करून साधारण १५०० फेऱ्यांवर ठेवा. बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट आले पाहिजेत. मग सगळे दिवे लावा. आकडा १३.५ च्या आसपास टिकला तर अल्टरनेटर चांगला आहे, त्याला हात लावू नका. इंजिन चालू असूनही १२.४, १२.३ असा उतरत गेला तर चार्जिंग नाही. आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला. अशा वेळी बॅटरीचे पाणी उकळते, सगळ्या खणांत ते सारखे सारखे घालावे लागते आणि दिवे वरचेवर उडतात.

चौथी तपासणी, वायर आणि सांधे. इथेच बहुतेकांची फसगत होते. वायर वरून चांगली दिसते, पण लगच्या आत हिरवा खार चढलेला असतो. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि काळी तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर मधल्या वायरीत किंवा सांध्यात वीज अडते आहे. तसेच बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि अल्टरनेटरचे अंग यांच्यामध्ये बघा. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर अर्थची पट्टी सोडवून, रंग आणि गंज घासून, घट्ट बसवावी. हे करताना हात, टॉवेल, सदऱ्याची बाही पंख्यापासून दूर ठेवा. लहान पोरांना जवळ येऊ देऊ नका.

पाचवी तपासणी, खुद्द अल्टरनेटर. बेल्ट काढून पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा पुली वरखाली हलली तर बेअरिंग गेले. पुष्कळ अल्टरनेटरांत रेग्युलेटर आणि कार्बन एकत्र असून मागच्या बाजूला दोन-तीन स्क्रूंवर बसवलेले असतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवूनच ते काढावेत. कार्बन पाच मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर उरले असतील तर नवे घालावेत. कड्या काळ्या पडल्या असतील तर लाकडाला वापरतात तसल्या अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसाव्यात. लोखंड घासायचा एमरी कागद तिथे वापरू नये. दोन्ही कड्यांवर मीटर ओमवर ठेवून लावला तर १२ व्होल्टच्या अल्टरनेटरात साधारण ३ ते ५ ओम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर रोटरची तार आतून तुटली आहे.

डायोडचा संशय असेल तर एक साधी खूण सांगतो. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरला सकाळी हात लावा. तो गार असायला हवा. कोमट लागला तर फूटव्हॉल्व्ह गळतो आहे, म्हणजे बॅटरीची वीज उलटी अल्टरनेटरात जाते आहे.

कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, डायोडची प्लेट हे भाग सुटे मिळतात. तेवढ्यासाठी अख्खा अल्टरनेटर टाकू नये. रोटर किंवा स्टेटर जळला असेल, जळका वास येत असेल, किंवा कानाचा भाग तडकला असेल, तरच पूर्ण बदलण्याचा विचार करावा. दुरुस्तीला दिला तर काढलेले जुने भाग मागून घ्यावेत आणि बिलावर काय बदलले ते लिहून घ्यावे.

या चार चुका कधीच करू नका

एक. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग आहे का' ते बघू नका. डायनामोच्या काळात ही युक्ती खपून जायची. अल्टरनेटरवरची बॅटरी अचानक सुटली तर दाब क्षणभर ४० व्होल्टच्याही वर उसळू शकतो आणि डायोड, रेग्युलेटर, दिवे एकदम जातात. चांगला अल्टरनेटर तपासता तपासता मारण्याचा हा हमखास मार्ग आहे. मिस्त्री कितीही जुना आणि जाणता असो, त्याचा हात नम्रपणे धरा आणि मीटर पुढे करा.

दोन. बॅटरी उलटी जोडू नका. लाल-काळ्या रंगावर विसंबू नका, कारण मागे कोणी कोणती वायर घातली असेल ते सांगता येत नाही. बॅटरीवरची अधिक-उणे खूण बघूनच जोडा.

तीन. ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवा आणि अल्टरनेटरच्याही वायरी काढून ठेवा. नांगराचा फाळ किंवा ट्रॉलीचा हूक जोडताना डायोड उडाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

चार. ही चूक सर्वांत घातक. बॅटरी कमजोर झाली, चावीवर सेल्फ उचलत नाही, म्हणून जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून इंजिन चालू करण्याची काहींना सवय असते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो तत्क्षणी पुढे झेपावतो आणि माणूस उभा असतो तो बरोबर मागच्या मोठ्या चाकापुढे. उडी मारायला वेळच मिळत नाही. इंजिन नेहमी सीटवर बसून, गिअर न्यूट्रल करून, क्लच दाबूनच चालू करावे. घरातल्या तरुण पोराला आणि गड्याला ही गोष्ट आजच सांगा.

दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायर लावायची वेळ आली, तर दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच आणि दोन्हींची अर्थ निगेटिव्ह असल्याची खात्री करा. आधी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा. निगेटिव्हचे शेवटचे टोक बसलेल्या बॅटरीवर न लावता, तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावा. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. म्हणून तिथे विडी, काडी, ठिणगी नको.

बदलायचाच ठरला तर

पहिली गोष्ट, नवा घेताना जुना बरोबर न्या. नुसते 'अमुक ट्रॅक्टरचा द्या' म्हणून भागत नाही. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगळे अल्टरनेटर आलेले असतात. जुळवून बघायच्या गोष्टी अशा : १२ व्होल्ट की २४, किती अँपिअर, पुलीच्या खाचेची रुंदी आणि व्यास, बोल्टची भोके, फिरण्याची दिशा आणि मागच्या टोकांची जागा. वॉरंटीच्या कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यायला विसरू नका.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत, चावी खिशात ठेवावी. इंजिन गार होऊ द्यावे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढावी. का, ते समजून घ्या. अल्टरनेटरच्या जाड वायरीत चावी बंद असली तरी वीज असते. निगेटिव्ह जागेवर असताना पाना त्या बोल्टवरून अंगाला टेकला, तर अशी ठिणगी उडते की पाना वितळून चिकटतो आणि हात भाजतो.

आता मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा किंवा प्रत्येकीला चिठ्ठी बांधा. जाड वायर 'बी प्लस' या टोकाची, ती बॅटरीकडे जाते. बारीक वायर लाल दिव्याची. तिच्या टोकावर 'डी प्लस', 'एल' किंवा 'आयएनडी' असे लिहिलेले असते. काही ट्रॅक्टरांत 'डब्ल्यू' नावाचे तिसरे टोक असते, ते फेऱ्यांच्या मीटरचे. ही वायर चुकीच्या जागी गेली तर मीटर चालणार नाही.

मग ताणपट्टीचा बोल्ट आणि खालचा मुख्य बोल्ट सैल करून अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलावा, बेल्ट उतरवावा आणि बोल्ट काढून अल्टरनेटर खाली घ्यावा. तो जड असतो, एका हाताने काढू नये.

नवा बसवताना खालचा बोल्ट आधी घालावा. कानांत आणि ब्रॅकेटमध्ये फट राहत असेल तर योग्य जाडीचा वॉशर घालावा. बोल्ट आवळून फट मिटवायला गेलात तर ॲल्युमिनियमचा कान तडकतो. मग सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा लावून पुल्या एका रेषेत आहेत का बघावे. रेषा चुकली तर नवा बेल्ट थोड्याच दिवसांत एका बाजूने झिजतो.

बेल्ट ताणताना पहार किंवा लाकडाचा दांडा पुलीकडच्या मजबूत तोंडाला लावावा. मागच्या झाकणाला किंवा मधल्या पत्र्याच्या भागाला जोर देऊ नये. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत थोडा सैल पडतोच. म्हणून साधारण १० तासांनी पुन्हा ताण बघावा.

लग चकचकीत घासून बसवावेत, जाड वायरच्या बोल्टवर रबरी टोपी चढवावी, वायर पंख्याला किंवा सायलेन्सरला लागणार नाही अशी बांधावी. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर जोडावी. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या असतील तर आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. हे झाले की वरची तिसरी आणि चौथी तपासणी पुन्हा करावी. त्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

बॅटरी पार बसलेली असेल तर ती आधी बाहेर चार्ज करून मगच ट्रॅक्टरवर चढवा. रिकामी बॅटरी नव्या अल्टरनेटरला पहिल्याच दिवशी तासन्‌तास पूर्ण ताकदीने ओढायला लावते आणि तो तापतो.

जीप किंवा पिकअपवर काम करणार असाल तर आणखी एक सांगणे. काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीशीच असतो आणि त्याला इंजिन ऑइलची नळी येते. त्या नळ्या नीट जोडल्या नाहीत तर ब्रेक जड होतो आणि ऑइलही गळते. गाडी रस्त्यावर नेण्याआधी ब्रेक तपासा.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवताना

जुन्या ट्रॅक्टरवर हा बदल करून घेणे फायद्याचे आहे. पण तीन गोष्टी बघा. पहिली, अर्थ कोणती? काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थ असे. आजचे बहुतेक सगळे अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे आहेत. आधी बॅटरीची जोडणी बदलावी लागेल. दुसरी, जुना कटआऊटचा डबा आता जोडणीतून काढावा लागतो, कारण अल्टरनेटरला स्वतःचा रेग्युलेटर असतो. तिसरी, वायर. डायनामो साधारण ११ ते २२ अँपिअर देत असे, अल्टरनेटर ३५-३६ अँपिअर देतो. जुनी बारीक वायर आणि जुना ३० अँपिअरचा मीटर हा भार सोसणार नाहीत. वायर जाड टाकून घ्या, नाहीतर बोनेटखाली आग लागण्याचा धोका आहे.

हौदात येते किती आणि जाते किती?

आता जरा हिशेब करू. सेल्फ २५० अँपिअर ओढतो असे धरले आणि दहा सेकंद मारला, तर गेलेली वीज १० अँपिअरच्या चार्जिंगने चार-पाच मिनिटांत भरून येते. म्हणजे सेल्फ हा खरा खाऊ नाही. खाऊ आहेत ते सतत चालणारे पाट.

पुढचे ५५ वॉटचे दोन दिवे, नांगरटीसाठी मागचा ५५ वॉटचा एक आणि बारीक दिव्यांचे मिळून २० वॉट, एकूण झाले १८५ वॉट. १२ ने भागा, साधारण १५ अँपिअर. ३६ अँपिअरच्या अल्टरनेटरला हे सहज झेपते. पण त्यावर २०० वॉटचा डेक लावला की आणखी १६-१७ अँपिअर गेले. अल्टरनेटरवर लिहिलेले ३६ अँपिअर हे पूर्ण गतीला मिळतात. कारखान्याच्या रांगेत इंजिन मंद ठेवून दिवे आणि गाणी चालू ठेवली, तर पंपापेक्षा पाट मोठा होतो आणि हौद आटतो. मग दोष अल्टरनेटरला! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय?

रांगेत उभे असताना गाणी बंद ठेवा, पण मागचे लाल दिवे बंद करू नका. ट्रॉलीला लाल परावर्तक पट्ट्या मात्र लावाच. दिवे गेले तरी त्या काम करतात.

रात्री घरी आल्यावर बारीक दिवे चालू राहिले तर काय होते? २० वॉट म्हणजे १.७ अँपिअर. १२ तासांत २० अँपिअर-तास गेले. ८८ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून जवळजवळ पाव हिस्सा!

देखभालीचे वेळापत्रक

रोज : चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो का ते बघा.

दर ५० तासांनी : बेल्टचा ताण, बॅटरीचे पाणी. पाणी प्लेटांच्या वर साधारण बोटाच्या जाडीइतके असावे. फक्त डिस्टिल्ड पाणीच घाला, विहिरीचे नको, ॲसिड तर मुळीच नको.

दर २५० तासांनी : बॅटरीची टोके गरम पाण्याने धुऊन, पुसून, घट्ट करून व्हॅसलीन लावा. अर्थची पट्टी आणि अल्टरनेटरचे बोल्ट आवळा.

दर १००० तासांनी किंवा वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी : कार्बन आणि बेअरिंग तपासून घ्या. म्हणजे गळीत हंगामात खोळंबा होणार नाही.

मळणीनंतर अल्टरनेटरच्या जाळीत भुसा आणि धूळ अडकते, हवा जात नाही आणि तो तापतो. हवेच्या पाइपने झटकून घ्या. ट्रॅक्टर धुताना पाण्याची जोरदार धार अल्टरनेटरवर मारू नका. पिशवी बांधून झाका आणि चालू करण्याआधी ती काढा. डिझेलने तर तो कधीच धुऊ नये. डिझेल कार्बनमध्ये मुरते आणि तारांवरचे आवरण खराब करते. इंजिनाचे ऑइल वरून गळत असेल तर आधी ती गळती थांबवा, नाहीतर नव्या अल्टरनेटरचीही तीच गत होईल.

पावसाळ्यात ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा.

जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यांपैकी अनेकांत डिझेल पंप इलेक्ट्रॉनिक आहे. अशा ट्रॅक्टरला इंजिन चालवायलाही वीज लागते. त्याच्या वायरींत घरी फेरफार करू नका, वेल्डिंगच्या आधी पुस्तिका वाचा. वर सांगितलेले मीटरचे काम आणि बेल्टची निगा मात्र त्यालाही लागू आहे.

मंडळी, बैलाच्या डोळ्यांतून पाणी आले तर आपण लगेच ओळखतो. ट्रॅक्टरला बोलता येत नाही, पण तो लाल दिव्यातून सांगतो. ते ऐकायची सवय ठेवा. आज संध्याकाळी ट्रॅक्टर घरी आला की एवढे करा : चावी फिरवून दिवा बघा, अंगठ्याने बेल्ट दाबा आणि मागे जाऊन ट्रॉलीचे लाल दिवे पेटतात का ते पाहा. या कामाला पाच मिनिटे लागतात. हे पत्रक ट्रॅक्टरच्या पेटीत मीटरबरोबर जपून ठेवा आणि शेजाऱ्यालाही वाचायला द्या.

रामराम.